काळा पापुद्रा

वारूळवाडी, ४ मार्च २००७

वही, माफ कर. नोकरीच्या शोधात वर्षभर तुला हात लावला नाही. आता जागा मिळाली: द्राक्षांच्या जुन्या पॅकहाऊसमधली छोटी प्रयोगशाळा. चहा करायला, काचसामान धुवायला बायडाबाई आहेत. काम आवडीचं. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या पापुद्र्यावर प्लॅस्टिकचे बारीक मणी पसरायचे, त्यांच्याभोवती वीज वाहणारं पॉलिमर वाढवायचं, मग मणी विरघळवायचे. उरते जाळी. जितकी जाळी, तितकी वीज साठते. बायडाबाई म्हणाल्या, म्हंजी धिरडंच की मॅडम, जाळी पडली तरच त्याल पितंय! मी पोटभर हसले.

९ मार्च

माझ्याआधीचे कपिल सर न सांगता गेले. चपला अजून दाराशी आहेत. त्यांचा एक पापुद्रा कपाटात सापडला. छिद्रं सरळ रांगेत हवीत. ही गोल फिरली आहेत, अंगठ्याच्या ठशासारखी. त्यांचा हात लागला असेल. पण आज माझ्या पापुद्र्यावरही तसंच. मी हातमोजे घातले होते. की नव्हते? आठवून पाहिलं. घातले होते.

१५ मार्च

दुपारी लोडशेडिंग. पापुद्र्याला जोडलेला दिवा मात्र जळत होता. पापुद्रा मी चार्ज केलाच नव्हता. जवळ गेले की उजेड वाढतो. मालक फोनवर खूश: चादरीएवढा करा, आणखी माणसं पाठवतो.

१९ मार्च

बायडाबाई रेशनच्या दुकानातून रडत आल्या. रजिस्टरवर शाईचा अंगठा उठेना, नुसता डाग. दुकानदार म्हणाला, अंगठा काय इकून आलीस का गं? मी त्यांचा हात धरला. गुळगुळीत. पापुद्र्यावर दुसरा ठसा उमटलाय, मधोमध विळ्याची जुनी खूण. त्यांचीच. त्या म्हणाल्या, कपिल सायबाचंबी आसंच व्हतं, आदी बोटं, मंग हात, मंग... आणि दाराशीच्या चपलांकडे बोट केलं.

२१ मार्च

माझा अंगठा बघायचं टाळत होते. बघितला. कोरा. चहाचा कप गरम लागत नाही.

संध्याकाळची एसटी आहे. जाणार नाही. मी गेले तर ती नवी माणसं —

पापुद्रा ॲसिडात टाकला. वाढला.

२२ मार्च

मालकाला सांगितलं, देणार नाही. न्यायला येतायत म्हणे. येऊ देत.

मनगटापर्यंत काही कळत नाही. पेन दिसतं म्हणून लिहिते. पापुद्र्या, बायडाबाईंचा अंगठा तुला पचू देणार नाही. ऐकतोयस ना? आग उरलीय अजून —

दिवा. मी लांब आहे, तरी उजेड वाढतोय —

उद्या: पापुद्रा भाजायला बायडाबाईंकडून धिरड्याचा तवा आणणे.