टेपरेकॉर्डरचं लाल बटन

शेलूबाजार, मार्च १९७६, मंगळवार

आवाज किती दुरून पकडते ते पाहाले टेपरेकॉर्डर सैपाकघराजवळ ठेवला, लाल बटन दाबलं अन् विसरलो. संध्याकाळी ओट्यावर मंडळींपुढं तीच टेप ऐटीत लावली. निघाला सूनबाईचा आवाज. शेजारणीले सांगत होती, "माय आजारी हाय, पन माहेरी जाऊ द्या असं मामाजींले म्हनाचं भेव वाटते मले."

"भाऊ, तुमचा डबा तं चुगलखोर निघाला!" मंडळीतला गणपत म्हणाला. सारे हसले. सून तोंडाले पदर लावून आत गेली.

घरातलं घरातच राहावं, दाराले कुलूप चांगलं लावा, असं गावाले मीच सांगतो. अन् घरच्या लेकीचं मन चव्हाट्यावर टाकलं. मले भ्यायची ती? एवढा का मी...

आत्ता म्हटलं, "पोरी, उद्याच मायले भेटाले जा."

तिनं आधी त्या लाल बटनाकडं पाहिलं. "बंद हाय ना, मामाजी?"