झाकणाआतलं अक्षर

४ मार्च

मूल नऊ दिवसांचं. अजून मान धरत नाही. पण त्याचं शेवटचं अक्षर कोणतं असावं यावर आज दोन तास बैठक झाली! नावाचं नंतर बघू म्हणे. आधी शेपूट, मग जनावर.

या घड्याळवाल्यांची रीतच तशी. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाआत कारागिराने सुईने आपल्या नावाचं शेवटचं अक्षर कोरायचं. घड्याळ बिघडून परत आलं की झाकण उघडायचं, अक्षर बघायचं आणि ज्याचं त्याच्या डोक्यावर आपटायचं. शेवटचंच का? तर दुकान काढणाऱ्या दोघा भावांची नावं एकाच अक्षराने सुरू व्हायची. तेव्हापासून घरात मुलगा झाला की मोकळं अक्षर शोधतात आणि त्यावर संपणारं नाव ठेवतात. सासऱ्यांचं ‘र’. थोरल्या दिरांचं ‘श’. नवऱ्याचं ‘न’. मुलींना अक्षर नाही. सुनांचं तर विचारूच नका.

६ मार्च

दीर भिंग कपाळावर चढवूनच जेवायला बसले. “‘म’ मोकळं आहे. नाहीतर ‘व’.” जणू बसमधल्या जागा!

मी म्हटलं, “तो घड्याळंच दुरुस्त करील कशावरून? उद्या ट्रक चालवेल.” सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही हो.” आणि हे त्या अभिमानाने सांगतात! मी ताट उचलून आत गेले.

७ मार्च

नोंदणी कचेरीत नाव कळवायला तेरा दिवस उरले. माझ्याकडे बघून कुणी विचारलेलं नाही.

९ मार्च

आज लिहूनच टाकते.

नवऱ्याची बोटं थरथरतात. सहा वर्षं झाली. दुकानात तो पट्टे बदलतो, काचा पुसतो. नाजूक काम डब्यात घालून घरी आणतो — “घरी शांतता असते, बाबा.” मग दुपारी जाऊबाई झोपल्या की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते काम मी करते. लग्नानंतर त्यानेच हौसेने शिकवलं होतं. वर्षभरात मी त्याच्या पुढे गेले. घड्याळ चालू झालं की झाकणाआत ‘न’ कोरायचा. त्याचा.

बिघडून परत आलेली घड्याळं दुकानात एका फळीवर अक्षरांच्या कप्प्यांत असतात. दिरांच्या कप्प्यात जागा उरत नाही. ‘न’च्या कप्प्यात गेल्या वर्षी दोन. “धाकट्याचा हात म्हणजे हात!” सासरे आल्यागेल्याला सांगतात. नवरा ताटात बघतो. मी वाढत राहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

आज बाळंतपणाचे टाके ओढत असतानाही एक बायकांचं चिमुकलं घड्याळ केलं. काम थांबलं तर संशय येईल ना!

१२ मार्च

अक्षर ठरलं. ‘न’.

दिरांना ठसका लागला. “अहो बाबा, ते धाकट्याचं आहे! एका अक्षराचे दोन धनी कसे?”

“धाकटा उद्यापासून काउंटरवर बसेल.” सासऱ्यांनी एवढंच सांगितलं. नवऱ्याने उजवा हात टेबलाखाली घेतला. मी पाहिलं.

म्हणजे बोटांचं म्हाताऱ्याला कळलेलं आहे. मग तसं तोंडावर सांगा की! आणि ‘न’? सहा वर्षं डोळे फोडले मी. त्या अक्षराची अब्रू मी राखली. ती आता दुपट्यात मुतणाऱ्याला मिळणार. आयत्या बिळावर नागोबा — आणि तोही माझ्याच पोटचा!

१३ मार्च

नवऱ्याशी भांडण. “सांग त्यांना, काम कुणी केलं ते.”

“आता सांगून काय होणार? ‘न’ घरातच राहतोय ना?”

घरातच! मी चिमटा फेकला. लागला नाही. तो वाकला, उचलायला गेला. तीनदा निसटला. मी तोंड फिरवलं. दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

१५ मार्च

तीन दिवस डबा घरी आला नाही. टेबल पुसून ठेवलंय. “बरं झालं बाई, भाऊजींना आता दुकानातच काम. तुझं टेबल मोकळं झालं,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नाही, तरी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

१७ मार्च

पोराला घेऊन दुकानात गेले. नवरा काउंटरवर एका गिऱ्हाइकाला पट्टे दाखवत होता. मी सरळ आत, सासऱ्यांच्या समोर. “‘न’ द्यायचा नाही. मुलाला दुसरं कुठलंही द्या.”

त्यांनी मान वर केली नाही. “का?”

दिरांनी हातातलं काम थांबवलं. काचेपलीकडून नवरा बघत होता. त्याचे डोळे! मी बोलले असते तर दिरांनी जन्मभर त्याला टोचून खाल्लं असतं. मी नुसतीच उभी राहिले. पोर रडायला लागलं, तेवढं निमित्त पुरलं. आल्या पावली परत. भित्री! सगळ्यांवर दात खायचे आणि वेळ आली की दातखीळ!

१८ मार्च

दुपारी सासरे आले. एकटे. खिशातून घड्याळ काढलं, झाकण उघडून टेबलावर ठेवलं. “हा ओरखडा डाव्या हाताचा. आमच्यात डावखुरं कुणी नाही, तू सोडून. सहा वर्षं ओळखतोय. तुम्ही दोघं आपणहून सांगाल म्हणून थांबलो. शेवटी अक्षरच काढून घेतलं, तरी काल बोलली नाहीस. आता विचारतो — तुझं आहे ते. पोराला देऊ?”

सहा वर्षं! माहीत असून! “पहिल्याच वर्षी विचारायचं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी घड्याळाचं झाकण लावलं.

“नाही द्यायचं. ते चालू आहे, मी वापरतेय. पोराला ‘म’ द्या. आणि उद्यापासून मला दुकानात खुर्ची हवी. उजेड उजवीकडून.”