गोरी झालेली गाडी

सोनपेठ,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुला आणि दत्तादाजींना नमस्कार. इकडे आम्ही तिघं मजेत. मायचे गुडघे कुरकुरतात, पण आठवडी बाजार काही ती चुकवत नाही. यंदा बोरं चांगली आलीत, वाळवून ठेवलीत तुझ्यासाठी.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर अण्णांचं नाव निघालं की तू ‘कुकर लावलाय’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला कुकर लावता येत नाही. शेवटपर्यंत वाचायचं, माझी शपथ आहे.

तर आधी माझी बातमी. मी गाडीच्या फोटोच्या स्पर्धेत दुसरी आले! गाडी खरी नाही, गेममधली. आपल्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर लग्नसराई नसली की मी गाड्यांचा गेम खेळते. चालवायला मला येत नाही, पहिल्याच वळणावर कठडा फोडते. पण त्या गेममध्ये गाडी कुठंही थांबवून फोटो काढता येतो. कॅमेरा फिरवा, ऊन खालीवर करा, पाऊस पाडा. असे फोटो काढणाऱ्या मराठी पोरापोरींचा एक ग्रुप आहे आणि तिथं दर आठवड्याला स्पर्धा असते. परभणीची स्वरदा नावाची मुलगी परीक्षक आहे. कॉलेजात शिकते, पण नियमाच्या बाबतीत पक्की मास्तरीण.

नियम एकच आहे. फोटो गेममधून जसा निघाला तसाच पाठवायचा. बाहेर कॉम्प्युटरवर नेऊन त्याला हात लावायचा नाही. रंग उजळायचा नाही, कड कापायची नाही, मध्ये आलेलं झाड पुसायचं नाही. जे करायचं ते गेमच्याच कॅमेऱ्यात करा.

आता आपल्या घरात हा नियम कसा टिकणार, तूच सांग. आपल्याकडं नवरीच्या मागे दात कोरणारा पाहुणा फोटोतून गायब होतो आणि नवरदेव तर हमखास दोन पट गोरा होतो. अण्णांनी त्यासाठी एक बटणच करून ठेवलंय. ते दाबलं की चेहरे उजळतात, वर कोपऱ्यात गणपती आणि ‘शुभविवाह’ येतं, खाली स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर. दिवसभर तेच बटण दाबून माझ्या बोटाला इतकी सवय झाली की काळ्याभोर गाडीचा फोटो पाठवतानाही मी ते दाबलं! पाहिलंसुद्धा नाही. ग्रुपवर माझी गाडी गेली ती गव्हाळ रंगाची, डोक्यावर शुभविवाह घेऊन.

लोक इतके हसले, ताई, की मी मोबाइल बंद करून पालमला साखरपुड्याचे फोटो काढायला निघून गेले. स्वरदाला मी सापडेना, म्हणून तिनं फोटोखालचा नंबर लावला. तो अण्णांनी उचलला.

हे सगळं मला मायनं सांगितलं. पोरीनं विचारलं, “राजेश्री आहेत का?”

तिची काय चूक? ग्रुपवर मी टोपणनावानं आहे, आणि फोटोवर छापलेलं होतं राजेश्री फोटो स्टुडिओ. अण्णांच्या मनाविरुद्ध लग्न करून तू गेलीस, तरी तुझ्या नावाची पाटी त्यांनी बदलली नाही. कुणी विचारलं तर पेंटर मिळत नाही म्हणतात.

माय म्हणाली, अण्णांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “न्हाई. ती भाईर हाय.”

“त्यांना सांगा, फोटो बाद झालाय.”

“बाद? आमच्या स्टुडिओचा फोटो बाद? कामून?”

तिनं नियम सांगितला. अण्णा चिडले. म्हणाले, “आवं, थोडं साफ केलं तर काय बिघडायलंय? लोकं तर त्याचेच पैशे देतात.”

ती म्हणाली, “काका, आम्हाला साफ नको, खरं हवंय. नको ते पुसून टाकणं सोपं असतं.”

अण्णांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवताना भाजीत मीठ नव्हतं तरी सगळी भाजी संपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “लाव तुझी गाडी. बघू कसं काढतेत.” विषय होता ‘थांबलेली गाडी’. मी एका माळरानाच्या रस्त्यावर, अगदी देवगाव फाट्याच्या बाजूला असावा तशा, गाडी लावली. समोर विजेचा खांब आला.

“त्यो खांब काढ.”

“अण्णा, काढता येत नाही.”

“सूर्य फिरवायलीस अन् खांब हलंना? ह्यो कसला नियम?”

मग गाडी मागं घेतली तर झुडूप आलं. पुढं नेली तर खांब गाडीच्या छतातून उगवल्यासारखा दिसायला लागला. गिऱ्हाईक येऊन दोनदा परत गेलं, पण अण्णा उठेनात. उन्हाची पट्टी मी जरा खाली सरकवली तेव्हा खांबाची लांब सावली गाडीच्या नाकावर येऊन पडली आणि अण्णांनी माझा हात धरला. “थांब. आता ऱ्हाऊ दे. खांब बी ऱ्हाऊ दे. लय चांगलं दिसायलंय.”

तोच फोटो दुसरा आला. स्वरदानं खाली लिहिलं, खांबामुळे गाडी एकटी वाटत नाही. अण्णांनी ते मला तीनदा वाचायला लावलं, पेढे आणले आणि फोटो मोठा छापून फ्रेम केली. लावायची कुठं म्हणून दुकानातल्या भिंतीकडं बघत राहिले.

ताई, आता ते लिहिते, ज्यासाठी एवढी गाडी फिरवली. तू लग्नानंतर दाजींना घेऊन आली होतीस तेव्हा त्या भिंतीवर आपला चौघांचा फोटो होता आणि त्यात तुझ्या जागी फुलदाणी होती. तू पायरीवरूनच माघारी फिरलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. आपल्याच बापानं आपल्याला पुसावं, ह्याच्याइतकं दुसरं काही दुखत नसेल.

पेढे आणले त्या संध्याकाळी अण्णांनी ती फुलदाणीची फ्रेम स्वतः काढली. कॉम्प्युटरसमोर बसले आणि जुना, मूळचा फोटो उघडला. त्यांनी तो कधीच खोडला नव्हता, ताई. त्यात तू तोंड उघडं टाकून हसतेस, माझे डोळे मिटलेत, मायचा पदर पंख्यात उडतोय आणि टायमर लावून पळत आलेले अण्णा धड बसलेही नाहीत, नुसते धूसर दिसतात. मी म्हटलं, निदान माझे डोळे तरी उघडा. म्हणाले, “न्हाई. कुनालाच हात लावायचा न्हाई.” तसाच छापला. छापून येईपर्यंत प्रिंटरजवळ उभे होते, आणि तुझा चेहरा बाहेर आला तेव्हा चष्मा पुसायला लागले. मी पण रडले. पण लय बरं वाटलं.

मग मीच आगाऊपणा केला. म्हटलं, अण्णा, दाजींचा फोटो आहे माझ्याकडं, कडेला बसवून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.

अण्णा माझ्यावर असे खेकसले! “येडी का तू? असा चिटकवून जावई घरात येत असतो व्हय? बलाव दोघांला. नवा काढू.”

मी म्हटलं, मग तुम्हीच फोन करा. तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, “अन् तिनं ठिवला तर?”

ताई, दोन वर्षं तुला वाटतंय की त्यांना तू नको आहेस, आणि त्यांना भीती वाटतेय तुझ्या कुकरची. भिंतीवर तुझ्याशेजारी एका फ्रेमची जागा रिकामी सोडलीय त्यांनी. माझी बक्षिसाची गाडी बिचारी काउंटरखाली पडून आहे, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. या दोघं. उद्या या, परवा या, पण या.

तुझी,
शिवकन्या

आणि हे बघ, माझ्या हातातला पेन ओढून घेतायत, स्वतःच्या अक्षरात सही करायला,
अण्णा