तुझे डोळे मिटलेले होते तेव्हा

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. फोन दोनदा हातात घेतला होता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. जेवलास का, झोपलास का, काम कसं चाललंय, एवढ्यावरच गाडी अडकते आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज औषधाच्या दुकानातून लवकर निघाले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले. तुझे भाऊजी यायला अजून दोन तास आहेत. तेवढ्यात लिहून व्हायला हवं, नाहीतर मी हे फाडून टाकेन.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तुझ्याबाबतीतच घडली, पण तुला ती दिसली नाही, कारण तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. व्यसनमुक्ती केंद्रात तुला तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांच्या औषधांनी हातांची थरथर थांबली होती आणि मग त्यांनी तुला मंगळवारच्या बैठकीला पाठवलं. ती बैठक घेणाऱ्या बाई पूर्वी पोहायला शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना कोचबाई म्हणायचे. तुम्ही सगळे गोल करून बसायचात आणि घरच्यांना गोलाच्या मागच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी होती. मी तुझ्या बरोबर समोरच्या बाजूला हाताची घडी घालून बसले होते. सोळा वर्षं औषधं देणारी बाई मी, जे मिलिग्रॅममध्ये मोजता येतं त्यावर माझा विश्वास. डोळे मिटा, श्वास कुठं जाणवतो ते बघा, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता ह्या माझ्या भावाला हवेवर बरं करणार. शिवाय तू. लहानपणी तू पाच मिनिटं एका जागी बसला असतास तर आईने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं असतं.

मग त्यांनी तुला विचारलं, "आत्ता तलफ आहे?" तू म्हणालास, "सकाळपासून आहे." त्यांनी विचारलं, "कुठं आहे?" तू चिडलास. "कुठं म्हणजे? डोक्यात, आणखी कुठं." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला हाकलू नका, तिचं ऐकूही नका. नुसती बघा, कुठं बसली आहे ती." तू मान एकदा इकडून तिकडे फिरवलीस. मग म्हणालास, "जबड्यात आहे. घशात पण." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, कारण तुझ्याकडे बघवेना, पण नजर परत वळलीच. तुझ्या कानशिलावरची शीर उडत होती. पायाची बोटं चपलेत गच्च आवळलेली होती. कारखान्यात काच कापताना झालेला तो तळहातावरचा जुना व्रण तू अंगठ्याने दाबत होतास. "वाढतेय," तू म्हणालास. "छातीत आली." तुझ्या शेजारचा तो धिप्पाड ट्रकवाला डोळे उघडून तुझ्याकडे बघायला लागला. सगळ्या खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. मला वाटलं, आता हा उठणार, खुर्ची पाडणार आणि दारातून निघून जाणार. मी पर्स उचलून तयारच होते.

आणि मग तुझे खांदे बोटभर खाली आले. एवढंच. मी अगदी समोर बघत होते म्हणून मला दिसलं. शीर शांत झाली, पायाची बोटं सुटली. अकरा मिनिटं झाली होती. तू डोळे न उघडता म्हणालास, "गेली," आणि थोड्या वेळाने, हरवल्यासारखा, "पण गेली कुठं?" सगळे हसले, तूही हसलास. कोचबाई एवढंच म्हणाल्या, "परत येईल. तेव्हा परत बघा."

धाकट्या, मी हजारो लोकांच्या हातात गोळ्या दिल्या आहेत. त्यांचं दुखणं जाताना मी एकदाही बघितलेलं नाही. ते घरी जाऊन गोळी घेतात, काय होतं ते मला कळत नाही. इथे माझ्या डोळ्यांदेखत एका माणसात काहीतरी आलं, चढलं आणि उतरून गेलं, आणि त्याला कुणी हातही लावला नाही. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये माझा थांबा मागे पडला तरी मला कळलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. तीन महिन्यांनी कारखान्यात भांडण झालं आणि तू दोन दिवस पीत होतास. मी तुझ्या खोलीवर आले आणि जे बोलू नये ते बोलले. तुझ्यात दमच नाही, म्हणाले. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. पण पुढच्या मंगळवारी तू आपणहून बैठकीला गेलास आणि सगळ्यांसमोर सांगितलंस. कोचबाईंनी रागावण्याऐवजी विचारलं, "चव कितव्या घोटापर्यंत लागली?" तू खरंच विचार केलास. म्हणालास, "पहिल्याला जळजळलं. दुसऱ्याला सैल झालो. तिसऱ्यापासून चवच नव्हती, नुसता पीत होतो." आणि मग हळूच, स्वतःशीच, "मग बाकीची बाटली कशासाठी?" मी मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकलं. पडतानासुद्धा माणूस एवढं बघू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला आता चौदा महिने झाले, तू थेंबही घेतलेला नाहीस. औषधं होती, डॉक्टर होते, मालकाने तुझी जागा राखली, हे सगळं मी विसरत नाही. पण मी जे बघितलं ते बघितलं.

तुला केंद्रातून सुट्टी मिळाल्यावरही मी मंगळवारी तिथे जात राहिले. तू एकदा विचारलंस, मी म्हटलं, सवय झाली. कोचबाईंनीही एकदा दारात विचारलं होतं, "तुम्ही कुणासाठी येता?" मी म्हटलं, "भावासाठी." त्या "बरं" म्हणाल्या आणि माझ्यासाठी दार धरून उभ्या राहिल्या.

मी भावासाठी जात नव्हते. माझी पाठ धरली होती ते वर्ष आठवतं तुला? तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी दुखण्यावरच्या, सवय लागणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पाठ कधीच बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. पाच वर्षं झाली. दुकानात मीच असते, मला कोण विचारणार. तुझ्यात दम नाही म्हणाले, त्या सकाळी मी दोन गिळून आले होते. गेल्या गुरुवारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी गोळी हातावर घेऊन तुझ्यासारखं करून बघितलं. तलफ माझ्या मानेत होती, मग दातांत. चार मिनिटं बघितली. पाचव्या मिनिटाला गोळी गिळली. पण ती चार मिनिटं मी तिला बघितलं, रे, पाच वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मी केंद्रातल्या तुझ्याच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, एकदम बंद करायच्या नाहीत, भरती व्हा, हळूहळू कमी करू. येत्या सोमवारी सकाळी दहाला मला तिथे जायचं आहे. सोबत घरचं कुणीतरी लागतं. तुझ्या भाऊजींना मी आज सांगणार आहे, पण सोबत मला तू हवा आहेस. आलास की मला काही समजावू नकोस. नुसता शेजारी बस.

तुझीच,
ताई