मामाच्या फोटोवरची निळी रेघ

सांगली,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय आई,

काल घरात एक गोष्ट उघडकीला आली. ती आधी तुला सांगायला हवी, म्हणून हा कागद. जगाच्या चुका छापून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःची चूक लिहायची म्हटलं की हात जड होतो बघ. तू काही माझे लेख वाचले नाहीस. "लोकांस्नी नावं ठेवायचा पगार देत्यात व्हय रं तुला?" एवढंच एकदा विचारलं होतंस.

गेल्या साली मी स्कॅनर आणला, आठवतं? काचेवर फोटो पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, की तो कॉम्प्युटरवर उतरतो. तू दोन दिवस त्याच्याकडे संशयानं पाहिलंस. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून मामाचा फोटो काढून आणलास आणि म्हणालीस, भाऊबीजेच्या आत मोठा करून दे.

मामाचा तेवढा एकच फोटो. पलटणीत परत जायच्या आदल्या दिवशी उंब्रजहून साताऱ्याला जाऊन काढलेला, तळहाताएवढा. त्यानंतर मामा आला नाही, फोटो तेवढा राहिला. दर भाऊबीजेला तू तो पाटावर ठेवून ओवाळायचीस. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या की, गेलेल्याला कुणी ओवाळतं का? तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. पण फोटो दरसाल पिवळा पडत होता, मामाच्या मिशा तर जवळजवळ गेल्याच होत्या. तुझी घाई ती होती.

आणि मी काय केलं? आज करू, उद्या करू. दिवाळी अंकाचे तीन लेख अडले होते ना! शेवटी धनत्रयोदशीला फोटो काचेवर ठेवला, तर पडद्यावर मामाच्या उजव्या डोळ्यावरून थेट छातीपर्यंत एक निळसर-हिरवी रेघ. काच पुसली. पुन्हा केलं. रेघ तिथंच. व्होल्टेजला शिव्या दिल्या, बारीक-जाड सगळी मापं बदलून पाहिली. मग तुला हाक मारून मोठ्या रुबाबात निकाल दिला की आई, तुझ्या फोटोतच दोष आहे, त्याचं आता काही होत नाही.

तू फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून पाहिलास. "मला तर कुठं दिसत न्हाई रेघ," म्हणालीस. मी म्हणालो, तुला दिसणार नाही, यंत्राला दिसतं.

काय हे बोललो मी! आई, तो फोटो काचेवर नुसता फिरवून ठेवायला हवा होता, डोकं खाली, पाय वर. रेघ फोटोबरोबर फिरली तर दोष फोटोत, जागच्या जागी राहिली तर यंत्रात. अर्ध्या मिनिटाचं काम. यंत्राबरोबरच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय. ते पान मी कधी उलटलंच नाही.

भाऊबीजेला तू पाट मांडला नाहीस. ताट घेऊन गच्चीत गेलीस आणि चंद्राला ओवाळलंस, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. लता मेढ्याहून आली होती. तिनं विचारलं, आई, मामाचा फोटो? तू म्हणालीस, "आता त्यो बी जातो म्हणत असंल, तर जाऊ दे."

लता रडली. मी लेख पुरा करायला आत गेलो.

महिन्याभरात तूच गेलीस. तेराव्यासाठी तुझा फोटो काचेवर ठेवला, तर तीच रेघ, त्याच जागी, तुझ्या कपाळावरून खाली. म्हणजे मामाचा फोटो धडधाकट होता, हे मला तेव्हाच कळलं. मी काय केलं, तर स्कॅनरवर जुनी चादर टाकली आणि गप्प बसलो. आई, दहा महिने गप्प बसलो.

काल तुझ्या सुनेनं, मीनानं, चादर काढली, शस्त्रांच्या पूजेला. झाकण उघडून थेट काचेच्या वरच्या कडेला हळदकुंकू लावायला निघाली. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "आईंनी गेल्या दसऱ्याला असंच लावलं होतं. म्हणाल्या, झाकणाला लावून काय करायचं, काम तर काच करती."

मग चार स्क्रू काढले. काचेच्या कडेखाली आत एक पांढरी पट्टी असते. दर खेपेला यंत्र आधी ती बघतं आणि पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवतं. त्या पट्टीवर फटीतून उतरलेलं तुझं कुंकू! बिचारं यंत्र तेवढ्या जागी तांबड्यालाच पांढरं समजत होतं आणि प्रत्येक चेहऱ्यावर निळं ओढत होतं.

लावायचंच होतं तर एक शब्द बोलायचा होतास ना गं. पण बोलली असतीस तरी मी काय केलं असतं? तुझ्या अडाणीपणावर लेख लिहिला असता. लोक पोट धरून हसले असते. कुंकू चिमूटभर होतं आई, ते पुसायला दोन मिनिटं लागली. फोटोत दोष आहे, हे मात्र मी माझ्या तोंडानं सांगितलं.

पट्टी कोरड्या फडक्यानं पुसली आणि मामाचा फोटो ठेवला. रेघ नाही. पिवळेपणाही थोडा कमी करता आला. डाव्या गालावर एक खळी आहे मामाच्या, तू कधी सांगितली नव्हतीस.

भाऊबीजेला लता येणार आहे. मोठा केलेला फोटो पाटावर असेल. ती आधी मामाला ओवाळील, तुझ्या वतीनं, मग मला. पण मी पाटावर बसण्याआधी तिला, मीनाला, सगळ्यांना सांगेन की फोटो तेव्हाही चांगलाच होता. आई खिडकीपाशी उभी राहून बरोबर बघत होती आणि मी खोटं बोललो. त्यानंतरही लतानं ओवाळलं तर ओवाळून घेईन. हा शब्द देतो.

तुझा,
विजू