दोननं भागलेलं खत

गुरुजी, तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी शहाद्यात गच्चीवर एरंडीची पेंड चाळत होते. फोन खांद्याशी धरून ऐकलं, "बरं" म्हटलं आणि उरलेलं पोतं चाळून संपवलं. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, आणि लगेच रागही आला, की मेला माणूस सुटला, आता मी ऐकवू कुणाला? त्यालाही कितीतरी वर्षं झाली. तुम्ही छडीला तेल लावून ठेवायचात ना, तसा मी तो राग ठेवलाय.

वर्ग सातवीचा. म्हसावदजवळची आपली निवासी शाळा. तपासणीला साहेब येणार म्हणून तुम्ही व्हरांड्यात तेलाच्या बारा डब्यांत मिरची लावून घेतली आहे आणि तिला घालायच्या खताचंच गणित फळ्यावर घेतलंय. एरंडीची पेंड चार किलो, तिच्यात नत्र शंभराला पाच. शेणखत एक किलो, त्यात शंभराला एक. मिसळलं तर मिश्रणात नत्र शंभराला किती? तुम्ही पाच आणि एक सहा केलेत, दोननं भागलंत, तीन लिहून खडू ठेवलात. मी उभी राहिले. मोलगीच्या पलीकडच्या डोंगरातून आलेली पोर, मराठी अजून तोंडात नीट बसलेली नाही, पण आमच्या घरी चार माप ज्वारीत एक माप उडीद दळायचे. त्या भाकरीला निम्मी उडदाची कुणी म्हणेल का? मी म्हटलं, "गुरुजी, पेंड चार आहे, शेणखत एकच आहे. मग दोघांना सारखं कसं धरायचं?" आणि पुढं येऊन करूनच दाखवलं. चार पंचे वीस, त्यात एक, एकवीस, भागिले पाच. चार पूर्णांक दोन. तुम्ही ते तळहातानं पुसलंत. "तू माले शिकाडशी का? डोंगरमा महू व्हस, गणित व्हत नही. खाले बस!"

वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून शाळा सोडेपर्यंत माझं नाव महू. जेवणाच्या रांगेत महू, नळावर महू. महू म्हणजे मोह; ज्या झाडाच्या फुलांवर आमचं घर उन्हाळा काढायचं, त्याचीच तुम्ही मला लाज वाटायला लावलीत. आई भेटायला आली की तिच्या लुगड्याला त्या फुलांचा वास यायचा आणि मी दोन हात लांब उभी राहायचे. हे तुम्हाला कधी माफ होणार नाही, सांगून ठेवते. वर शिष्यवृत्तीच्या यादीतलं माझं नाव कापलंत, आणि शिक्षा म्हणून खत मलाच कालवायला लावलंत, तुमच्या उत्तराप्रमाणे. डब्याला सहा ग्रॅम नत्र हवं, शंभराला तीनच्या हिशेबानं खत दोनशे ग्रॅम. माझ्या हिशेबानं एकशे त्रेचाळीस पुरलं असतं. मी स्वयंपाकघरातला काटा आणून दोनशे दोनशे मोजून घातलं. आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग शेंडे माना टाकू लागले. साहेब आले तेव्हा बाराही डब्यांत नुसत्या काड्या. "हे काय लावलंय, गुरुजी?" असं त्यांनी विचारलं आणि तुमचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पोटभर बघितलं.

आता माझा धंदाच तो आहे. परसात, गच्चीवर भाजी लावणाऱ्या बायांना मी खत कालवायला शिकवते. पेंड किती, हाडांचा चुरा किती, चुलीची राख किती, आणि सगळं मिसळल्यावर हातात नेमकं काय उरतं. प्रत्येक शिबिरात आधी तुमचं चुकीचं गणित फळ्यावर मांडते. मग मिरचीची गोष्ट. बाया पदर तोंडाला लावून हसतात. "व माय! मास्तरलेच येत नव्हतं का?" सारंगखेड्यापासून धडगावापर्यंत तुमचं हसं केलंय मी, गुरुजी. तुम्ही एका वर्गापुढं केलंत, मी अख्ख्या जिल्ह्यात केलं. फिटंफाट म्हणाल? अजून नाही.

पण गेल्या आठवड्यात एक म्हातारी बाई उठली. हाताला मिरचीचा लाल रंग मुरलेला, सगळा जन्म मिरचीत गेलेली. म्हणाली, "ताई, इतलामा मिरची जळत नही. मी तर यानापेक्षा जास्त टाकस." मी म्हटलं, "ते मातीवर असतं, मावशी," आणि पुढचं गणित घेतलं. ती खाली बसली, पण माझ्याकडं बघतच राहिली. तिचं बरोबर होतं.

साहेब गेल्यानंतरचं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही वर्गात येता, फळ्याकडं वळता आणि तसेच, मागं न वळता बोलता, "हाई पोरनं बराबर व्हतं. मन्हं गणित चुकनं, म्हणीसन मिरची जळनी." यादीत माझं नाव स्वतःच्या हातानं परत लिहिलंत. त्या शिष्यवृत्तीच्या पैशांवर मी पुढं शिकले. महूबद्दल मात्र एक अक्षर बोलला नाहीत, म्हणून माफी नाही म्हणजे नाही. पण गणित गणिताच्या जागी. तुमच्या चुकीनं डब्यामागं अडीच ग्रॅमसुद्धा नत्र जास्त झालं नव्हतं. त्यानं पान गडद होतं, फूल उशिरा येतं, झाड मरत नाही. खत घातलं त्या दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी एकेका डब्यात दोन-दोन ओंजळी कच्ची पेंड मुळाशी दाबली आणि वरून पाणी ओतलं. बाराही डब्यांत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. येत्या सोमवारी मोलगीला शिबिर आहे. तिथंही मी हेच सांगणार आहे, की मिरची तुम्ही जाळलीत.