एकशे बत्तीसपैकी एकशे तीस

९ मार्च, सोमवार

शेवटच्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरायला बसले. सगळे रकाने हिरवे, शेवटचं बटण राखाडी. दाबलं जात नाही. वर लाल ओळ: 'क्रेडिट अपूर्ण'. बी.एस्सी.ला १३२ लागतात. चालू सेमिस्टरचे धरूनही माझे १३० दाखवतंय. दोनदा बेरीज केली, एकदा कागदावर, एकदा फोनवर. माझ्या बेरजेत १३२ येतात.

फरक सापडला. तिसऱ्या सेमिस्टरचं ओपन इलेक्टिव्ह, 'स्वयंपाकघरातलं रसायन'. २ क्रेडिट, गुण ५० पैकी ४८. ते 'जादा विषय' ह्या रकान्यात जाऊन बसलंय. मोजलेलंच नाही.

उद्या परीक्षा विभाग.

१० मार्च

परीक्षा विभागाच्या पाटील मॅडम. एक चष्मा डोक्यावर, एक नाकावर.

"मेजर काय तुझं? केमिस्ट्री. मग ओपन इलेक्टिव्ह पण केमिस्ट्रीचंच कसं घेतलंस गं? सायन्सवाल्यांनी सायन्सच्या बाहेरचं घ्यायचं असतं. इतिहास घे, बँकिंग घे, काय वाटेल ते घे."

मी म्हटलं, तेव्हा फॉर्म स्वीकारला गेला होता.

"तेव्हा सिस्टिम बघत नव्हती. आता बघते. मी काय हाताने घालू तुझे क्रेडिट?"

अर्ज त्यांनी त्यांच्या बाजूने पुढे पाठवला. परीक्षेला बसता येईल. पदवी मिळणार नाही.

नियम माहितीपुस्तिकेत आहे. पान ३१, तळटीप, साडेतीन ओळी. आज वाचला. ब्युरेटचं रीडिंग मी दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिते. ही तळटीप तीन वर्षांत वाचली नाही.

११ मार्च

कसं झालं ते लिहून ठेवते. नंतर आठवणीत फरक पडायला नको.

दुसऱ्या वर्षाचा पहिला आठवडा. दर वर्षी ह्या आठवड्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षक 'बॅच भरत' वर्गावर्गांतून फिरतात. वीस मुलं झाली तर विषय चालतो. नाही झाली तर विषय बंद, शिक्षकाचे तास बंद. म्हात्रे सरांकडे सतरा होती, सगळी कॉमर्सची. आमचं प्रॅक्टिकल सुरू होतं. सर टेबलाशी आले. "तीन सह्या कमी पडतायत गं. तुमच्याच घरचा विषय, अभ्यास पण नाही काही." मी, ऋतुजा आणि तेजस. तिघांनी उभ्या उभ्या सह्या केल्या. हातातले ग्लोव्हजही काढले नाहीत.

तेजस त्या वर्षानंतर फार्मसीला गेला. सुटला. राहिलो मी आणि ऋ.

त्या विषयात मी शिकलेली गोष्ट: खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर ह्यांतला फरक. तो मला अकरावीपासून माहीत होता.

१३ मार्च

ऋ.ला सांगितलं. तिने पोर्टल उघडलं, लाल ओळ बघितली. "च्यायला. त्या ढोकळ्यासाठी?" (शेवटच्या तासाला सरांनी प्रयोग म्हणून ढोकळा केला होता. एका बाजूने फुगला, दुसऱ्या बाजूने नाही. सरांनी त्याचंही कारण फळ्यावर लिहिलं होतं.) दोघी हसलो. मग ती म्हणाली, "माझं एम.एस्सी. गेलं ना पण."

बाहेरचा विषय आता जुलैमध्ये सुरू होणार, निकाल डिसेंबरात. दोन क्रेडिटसाठी सहा महिने.

तळोज्याच्या पाणी-तपासणी लॅबला फोन केला. मागच्या सेमिस्टरला तिथे ट्रेनिंग केलं, १ जुलैपासून ज्युनिअर ॲनालिस्ट म्हणून ये, असं तोंडी ठरलंय. इन्चार्ज मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ऑडिटवाले आले की आधी ॲनालिस्टची डिग्री मागतात. डिग्री नाही तर रिपोर्टवर सही नाही. मग तुला काय देऊ, बाटल्या धुवायला? ३० जूनपर्यंत थांबते. पुढे दुसरी मुलगी आहे."

वाजवी आहे. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

१७ मार्च

म्ह. सर बॅलन्स रूममध्ये सापडले. सांगितलं. त्यांनी वजनकाट्याचं काचेचं दार लावलं, उघडलं, परत लावलं.

"बाहेरचंच पाहिजे असा नियम हाय?" मग सावरून, "आहे?"

पान ३१, म्हटलं.

"मला कोणी सांगितलं नव्हतं. बोलतो मी पाटील मॅडमशी." आणि मी दारात असताना, "अजून कोनाला बोललीस का?"

नाही, म्हटलं. ऋ. सोडून हे खरं होतं.

२३ मार्च

सर बोललेले नाहीत. पाटील मॅडमनी मला एक छापील अर्ज दिला. मुद्दा क्र. ४: चूक कोणाची. दोन चौकोन. 'विद्यार्थ्याची': विषय पुन्हा करणे. 'महाविद्यालयाची': समितीपुढे जाणे, समितीला वाटलं तर क्रेडिट ग्राह्य. त्याखाली एक ओळ: संबंधित शिक्षकाचे नाव व घडलेला प्रकार.

"दुसरा चौकोन टिक कर, नाव लिही, मोकळी हो. कोणी सह्या घेतल्या ते सगळ्यांना माहितीय. पण कागद बोलला पाहिजे."

नाव लिहिलं तर त्यांचं काय होईल, विचारलं.

"दर जूनला नेमणुकीची ऑर्डर निघते त्यांची. आता निघेल, नाही निघेल, ते मी कशी सांगू?"

सरांची ही सहावी ऑर्डर असेल.

अर्ज फाइलमध्ये घातला. भरलेला नाही.

२४ मार्च

पहिल्या वर्षी एका टायट्रेशनला माझं रीडिंग सगळ्या वर्गापेक्षा वेगळं आलं होतं. बाकीच्यांचं एकसारखं, कारण एकाचं सगळ्यांनी उतरवलं होतं. मीही खोडून त्यांचं लिहिणार होते. सर म्हणाले थांब, आणि स्वतः पुन्हा करून बघितलं. माझं बरोबर निघालं. कोणाला काही बोलले नाहीत. पाचव्या सेमिस्टरला स्पेशलायझेशन निवडताना ऑरगॅनिक, इंडस्ट्रियल आणि ॲनालिटिकल असे तीन पर्याय होते. मी ॲनालिटिकल घेतलं त्याचं कारण तो दिवस.

हे अर्जाच्या कोणत्याच मुद्द्यात बसत नाही.

२ एप्रिल

घरी सांगितलं. बाबा वाशी मार्केटात कांदा-बटाट्याच्या काट्यावर मापाडी आहेत. त्यांना १३० आणि १३२ लगेच कळले.

"दोन किलो कमी भरली म्हणून गोणी परत नेतं का कोणी? वरून दोन-चार बटाटे टाकायचे."

बाबा, इथे बटाटे जुलैमध्ये मिळतात.

आई शिलाई मशीनवरून मान वर न करता: "नाव लिहून टाक. त्याने सही घेताना तुझं बघितलं का?"

"त्यांनाही माहीत नव्हतं गं."

"मास्तर आहे ना तो? मग कोणाला माहीत असायचं?"

बाबा म्हणाले, "त्याला पोरं किती?" आई म्हणाली, "मला किती आहेत ते आधी मोजा."

१४ एप्रिल

करंजाड्यात आमच्या सेक्टरच्या हॉलमध्ये वंदना, मग भाषणं, मग जेवण. बाबांनी जेवणाच्या रांगेत तिघांना सांगितलं की मुलगी जुलैपासून लॅबमध्ये सायंटिस्ट. मी बाजूलाच उभी होते. सायंटिस्ट नाही, ज्युनिअर ॲनालिस्ट, एवढीच दुरुस्ती केली. बाकीची करता आली नाही. लातूरकडच्या एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "आमच्या पोरीला बी सांग बाई, कोणता कोर्स घ्यायचा."

मला.

१६ एप्रिल

ॲनालिटिकलचा पेपर. चांगला गेला. ७५ पैकी ६८ च्या आसपास. पर्यवेक्षक म्ह. सर. पुरवणी मागितली. त्यांनी दिली, क्रमांक लिहिला, सही केली, पुढे गेले.

२० एप्रिल

ऋ.ने अर्ज दिला. दुसरा चौकोन, सरांचं नाव.

मला चहाच्या टपरीवर सांगितलं, नजरेला नजर देऊन. "तू थांब हवं तर, महान हो. मी नाही थांबत."

मी म्हटलं, मी तुला अडवलं नव्हतं.

"अडवलं नाहीस, पण तोंड असं करतेस ना, तेच." मग हळू, "साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय. टेबलाशी आपणच होतो. समिती तुला बोलावेल. तू हो म्हणालीस की दोघींचं होईल. मॅडम म्हणाल्या, दोन्ही केस एकच."

आणि नाही म्हणाले तर?

"मग दोन्ही केस एकच," ती म्हणाली. चहा अर्धा टाकून गेली.

म्हणजे गप्प राहून मी जे वाचवत होते ते आता वाचत नाही. उलट गप्प राहिले तर ऋ. जाते. बाजूला उभं राहायची जागा होती, ती गेली.

२७ एप्रिल

सरांचा फोन. ते उरणला मोऱ्याला राहतात. मागे लाँचचा भोंगा, कोणीतरी बर्फासाठी ओरडत होतं. सर कॉलेजात बोलतात त्याहून वेगळे बोलत होते.

"असा बघ बाय, मी ना नाय म्हनत. मी सह्या मागितल्या. पन तिनं सक्ती लिवलंय. सक्तीनं सह्या घेतल्या. मला पत्र आलंय तसं. सक्ती केली का मी? तू होतीस ना तिथं. सांग."

मी म्हटलं, नाही सर.

"मंग तेवढंच बोल समितीत. माझ्यासाठी खोटं बोल असं नाय सांगत मी."

"डबा खाल्लास का?" म्हणाले. खाल्ला, म्हटलं. फोन ठेवला.

२८ एप्रिल

ऋ.ला विचारलं, सक्ती का लिहिलंस.

"पाटील मॅडमनी लिहायला सांगितलं. नुसतं 'सांगितलं' लिहिलं तर समिती म्हणणार, तुम्ही ऐकलंत, म्हणजे तुमची मर्जी. मर्जी म्हणजे विद्यार्थ्याची चूक." मग: "आणि नाही म्हणू शकलो असतो का आपण? प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात होते. विचार कर ना नीट, हुशार आहेस तर."

विचार केला. त्या दिवशी मला मार्कांची भीती वाटली होती का? आठवत नाही. वाटली नव्हती असंही खात्रीने लिहिता येत नाही. सर चांगले वाटायचे म्हणून सही केली, एवढं आठवतं. ऋ.ला काय वाटलं होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. एकाच टेबलाशी, एकाच मिनिटाला केलेल्या दोन सह्या. एक सक्तीची, एक नाही. असं होऊ शकतं. पण समितीला एकच निष्कर्ष लागतो.

४ मे

उद्या समिती. वाक्य तयार करत होते. 'सरांनी सांगितलं.' 'सरांनी आग्रह केला.' 'सरांनी विनंती केली आणि ती नाकारण्याजोगी आहे असं आम्हाला वाटलं नाही.' शेवटचं सर्वांत जवळचं. पाटील मॅडमना वाचून दाखवलं.

त्यांनी दोन्ही चष्मे काढले. "छान लिहितेस. पण विनंतीला चौकोन नाही गं बाळा."

त्या वाईट नाहीत. सकाळपासून त्यांच्या खिडकीवर वीस-पंचवीस जण असतात, प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं. मला त्यांनी खुर्ची दिली.

घरी आईने विचारलं, काय सांगणार. माहीत नाही, म्हटलं. ती म्हणाली, "एवढी शिकलीस आणि माहीत नाही?" रागाने नाही. खरंच विचारत होती.

५ मे

प्राचार्यांच्या केबिनबाहेरचा बाक. इथेच लिहितेय, हात मोकळे राहिले की घाम येतो.

११.०० ची वेळ होती. ११.५० ला ऋ.ला बोलावलं, १२.१५ ला ती बाहेर. "लिहिलंय तेच बोलले. आता तुझ्यावर." जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी आहे, पाठ करून.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सर. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. मधे दोन माणसांची जागा. त्यांनी विचारलं, "तळोज्याला तुला घरून काय सोयीचं पडतं?"

बस, मग रिक्षा.

"पावसात रिक्षा मिळत नाही तिकडे. लवकर निघत जा." 'निघत जा' म्हणाले, जणू मी जाणारच आहे. मग मान खाली घातली. मला वाटतं, त्यांनाही ते ऐकू आलं.

ऋ.ने मागे वळून आमच्याकडे बघितलं, परत वळली.

१२.३८. शिपाईकाका दारात. "दोघं राहिलात. कोण येतं आधी?"

सर माझ्याकडे वळले. "मी जाऊ का आधी?"

ते आधी गेले तर ते जे सांगतील त्याला मला फक्त हो किंवा नाही म्हणायचं आहे. मी आधी गेले तर शब्द मला निवडावा लागेल.

"लवकर बोला हो," शिपाईकाका म्हणाले, "साहेबांना एकला निघायचंय."

१२.४१. मी उभी राहिलेय. सरही.